गाऱ्हाणे मागे घेण्याबद्दल

मी, विमला दशरथ साटम, वय वर्षे शहात्तर, शिधावाटप कार्यालयातील निवृत्त तपासणी कारकून, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे आणि तो दुसऱ्या डॉक्टरांचा आहे. पहिल्या डॉक्टरांनी मला न तपासताच सही केली होती, तेव्हा त्यांनी आणखी कोणाकोणाला शहाणे ठरवले असेल ते सांगता येत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर मी नावासकट लिहिले असते. यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत, कारण त्या दोन्हींत मी एक गोष्ट लपवली होती.

१. चारकोपचे राहते घर मी माझा मुलगा सुयोग आणि सून श्रुतिका या दोघांच्या नावे, समान हक्काने, देत आहे. एकट्या सुयोगला देत नाही. तो न वाचता सही करतो. सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि बिल्डरची माणसे पेढे घेऊन येतात. पेढे घ्यावेत, पण कराराचे प्रत्येक पान श्रुतिकाने वाचावे.

इथे एक कबुली देते. श्रुतिका माझ्या गोळ्या बदलते असा मला सहा महिने संशय होता. एक गोळी रुमालात बांधून मी महावीर नगरच्या केमिस्टकडे नेली. तो म्हणाला, गोळी तीच आहे, फक्त कंपनी दुसरी, स्वस्त पडते. श्रुतिकाला हे माहीत नाही. आता कळेल.

२. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते सुयोगचे. ऋतिकाच्या लग्नात मी आहेर केला नव्हता. ऋतिका म्हणजे माझी जाऊ मीरा हिची मुलगी. तो आहेर सुयोगने यातून करावा, आणि तो साडीचा नसावा.

३. माझ्याकडे अकरा कुलुपे आहेत. घराला एकच दार आहे हे मला माहीत आहे. त्यातले पितळी, मोठे कुलूप समोरच्या ब्लॉकमधले हर्षदभाई यांना द्यावे, म्हणजे त्यांना जिन्यातले त्यांचे चपलांचे कपाट बंद ठेवता येईल. गेली नऊ वर्षे ते उघडे असते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नाक धरावे लागते. बाकीची कुलुपे भंगारात घालावीत. त्यांच्या किल्ल्या शोधत बसू नये, त्या कुठे ठेवल्या ते मला आठवत नाही. ही विसरण्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

४. कार्यालयात मी वापरत असे ते भिंग वकील चेतना कुंडलिक शेजवळ, बोरीवली, यांना द्यावे. त्या माझे काम पाहतात आणि मी शंका काढली तर हसत नाहीत. या भिंगाने मी एकतीस वर्षे शिधापत्रिका तपासल्या. कागदावर सात माणसे असत आणि घरात चारच ताटे. मेलेल्या सासूच्या नावावर साखर उचलणारी घरे मी पकडली. माझी नजर चुकत नाही असे साहेब म्हणत. मी ते खरे मानले आणि तीच नजर घरी घेऊन आले.

५. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते लिहिते.

माझ्या सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्यांचा एक जोड होता. जाताना त्यांनी सांगितले, दोन्ही सुनांनी आलटून पालटून घालायच्या. थोरली म्हणून सांभाळायला माझ्याकडे दिल्या. तेव्हा मी, माझे यजमान दशरथ, दीर रतन आणि जाऊ मीरा, सगळे याच घरात राहत होतो. मला कोणाचाच भरवसा नव्हता. मी पाटल्या कधी तांदळाच्या डब्यात ठेवी, कधी देव्हाऱ्याखाली, कधी जुन्या चादरीत. दर पंधरा दिवसांनी जागा बदलत असे.

१९९४ साली मीराने भावाच्या लग्नासाठी पाटल्या मागितल्या. मी काढायला गेले तर त्या कुठेच नव्हत्या. त्या आठवड्यात मीराने दोनदा विचारले होते, "वयनी, पाटल्यो खंय ठेवलंस?" जी विचारते तिलाच ठाऊक असणार, असा मी तर्क केला. शिधापत्रिकांच्या कामात हा तर्क नेहमी बरोबर निघत असे.

मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो. आमच्याकडे वस्तू चोरीला गेली की देवळात गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवापुढे नारळ ठेवून तक्रार सांगतात. मी सांगितले, गुरवाने शब्द घातले, आणि भावकीतली तीस-चाळीस माणसे उभी होती. "बा देवा म्हाराजा, जेच्या कोणाच्या हातान ह्या झाला असात, तेका चैन पडाक देव नको!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी कोणाचे नाव घेतले नाही. फक्त मान वळवून मीराकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले.

त्या दिवाळीत रतन आणि मीरा घर सोडून मुलुंडला भाड्याच्या खोलीत गेले. नंतर रतनचा हात कारखान्यात मशीनमध्ये सापडून दोन बोटे गेली. मी मनात म्हटले, देव जागा आहे. हे वाक्य मी मनात म्हटले होते हे कोणालाच माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

देवाने खरे तर काही केले नव्हते. मशीन जुने होते. जे केले ते माझ्या मान वळवण्याने केले. लग्नघरात दागिन्यांच्या खोलीत मीरा शिरली की कोणीतरी उगाच आत जाऊन बसत असे. तिच्याकडे कोणी पाकीट सांभाळायला देत नसे. हे मी स्वतः पाहिले आहे आणि तेव्हा मला बरे वाटले आहे.

२००९ साली दारावर पिंजारी आला. मी जुनी उशी पिंजायला दिली. त्याने कापूस सोडवला आणि दोन्ही पाटल्या माझ्या हातावर ठेवल्या. उशीला माझीच शिवण होती. मीच लपवल्या होत्या आणि लपवल्याचे विसरले होते. त्या क्षणी मी त्या गरीब माणसाला काय विचारले? आत आणखी काही होते का, आणि खिसे दाखव. तो म्हणाला, "अम्मा, लेना होता तो बताता कायको?" त्याचे नावही मी विचारले नाही.

मग मी गप्प राहिले. उद्या सांगू, परवा सांगू, असे करत राहिले. दुसऱ्या वर्षी गणपतीत रतन एकटाच आला. चहा पिता पिता म्हणाला, "वयनी, मी तिका एकदा इचारलंय, खरा सांग, घेतलंस काय? त्या दिसापासून ती माझ्या वांगडा जेवाक बसणा नाय." ती सोबत जेवायला बसत नाही हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. पाटल्या शेजारच्या कपाटात होत्या, चार पावलांवर. मी त्याला म्हटले, "चहात साखर कमी झाली का रे?"

२०१३ साली रतन गेला. बायकोने चोरी केली की नाही हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. जीव नकोसा व्हावा इतकी माझी मला लाज वाटते.

६. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीन रविवार 'आपले कर्म समजा, सुधारा' असा वर्ग झाला. फुकट होता, म्हणून मी चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले. बोरीवलीच्या एक ताई शिकवत. त्यांनी कागद वाटले आणि म्हणाल्या, आपण ज्यांच्याशी वाईट वागलो त्यांची नावे लिहा. मी एकोणीस नावे लिहिली. ताईंनी वाचले आणि म्हणाल्या, "काकू, ही तर तुमच्याशी वाईट वागलेल्यांची नावं दिसतायत." ते बरोबर होते. पहिले नाव हर्षदभाईंचे होते. मग मी कागद उलटला, एकच नाव लिहिले आणि घडी घालून घरी आणला.

त्यांनी सांगितले म्हणून मी मुंग्यांना साखर घालायला लागले. मुंग्या घरात शिरल्या आणि श्रुतिकाने खडूची रेघ ओढली. शेवटच्या रविवारी मी विचारले, "एकाचं वाईट केलं आणि भलं दुसऱ्याचंच केलं, तर चालतं का?" ताई म्हणाल्या, "तुम्ही विचारताय म्हणजे तुम्हाला उत्तर माहितेय, काकू." यांना कोणी सांगितले, असा मला आधी संशय आला. मग लक्षात आले, माझ्याशिवाय सांगणारे कोणीच नव्हते.

गाऱ्हाण्याचे शब्द मी त्यानंतर पुन्हा आठवले. त्यात मीराचे नाव नव्हते. ज्याच्या हातून झाले त्याला चैन पडू देऊ नको, एवढेच होते. एकतीस वर्षे मी झोपण्याआधी तीनदा कडी पाहते. पाहुण्याने आणलेला लाडू मी आधी सुयोगला खायला देते. देवाने ऐकले असेल तर नीट ऐकले.

७. सबब, सदर पाटल्या माझ्या पश्चात मीरा रतन साटम, राहणार मुलुंड, हिला द्याव्यात, आणि वरील कलम पाच भावकीत मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम सात रद्द. वकील चेतना म्हणतात, स्वच्छ प्रत काढू या. मी नको म्हटले. स्वच्छ प्रत काढली की मी आधी काय लिहिले होते ते दिसणार नाही, आणि ते दिसायला हवे.

रद्द करण्याचे कारण असे. हा मसुदा वाचून चेतनाने विचारले, "काकू, मीराकाकूंचं वय किती?"

"बहात्तर."

"आणि तब्येत?"

"रक्तदाब आहे म्हणतात."

"मग त्या तुमच्या आधी गेल्या तर हे कलम वाचायचं कोणापुढे?"

ही मुलगी काम वाढवते आहे असे मला आधी वाटले. मग कलम सात मी पुन्हा वाचले. मी कबुली देत होते, पण मी समोर नसेन अशी व्यवस्था करून. लपवायची नवी जागा शोधली होती, एवढेच.

श्रुतिकाला मी सगळे सांगितले. हेही सांगितले की हे मी मीरासाठी करते आहे की मरणाच्या भीतीने आपले कर्म सुधारून घेते आहे, याचा मला माझ्यावरच संशय आहे. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आई, मन साफ व्हायची वाट बघू नका ना. आधी जाऊन या. मन येईल मागून."

८. दिनांक १६ फेब्रुवारी, रविवारी, मी सुयोगला घेऊन मुलुंडला गेले. पाटल्या पदराच्या गाठीत होत्या. मीराने दार उघडले. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी उंबऱ्याबाहेरच गाठ सोडली, पाटल्या पुढे धरल्या आणि उशीचे, पिंजाऱ्याचे, सोळा वर्षांचे, सगळे सांगितले. रतन चहाला आला होता तेही सांगितले. ते सांगताना मला रडू आले आणि तिने मला रडू दिले.

मग म्हणाली, "आता इलंस? ते गेल्यावर?"

मी पाटल्या तशाच पुढे धरून ठेवल्या.

"पाटल्यो नकोत माका. गाऱ्हाणा मागे घे. त्याच देवळात, भावकीपुढे. आणि जिती असताना घे. मेल्यावर कागद वाचून नको."

तिने पाणी दिले नाही. दार मात्र लोटले नाही.

९. गाऱ्हाणे मागे घ्यायचे तर ज्याने घातले त्यानेच, त्याच देवापुढे, आपली चूक तोंडाने बोलायची असते. येत्या मे महिन्यात मी गावी जाईन. गुरवाला फोन केला आहे आणि तो म्हातारा झाला असला तरी त्याच्या लक्षात आहे. भावकीतली त्या दिवशीची जी माणसे जिवंत आहेत त्यांना मी स्वतः कळवले आहे, कारण सुयोग विसरेल. माझे नाव घेऊन बोलेन, मान न वळवता. सर्वांच्या देखत पाटल्या मीरापुढे ठेवीन. तिने घ्याव्यात, विकाव्यात की देवळाच्या तळ्यात टाकाव्यात, हा तिचा प्रश्न. मेआधी मला काही झाले तर सुयोग आणि श्रुतिकाने माझा फोटो घेऊन जावे आणि माझ्या शब्दांत हे बोलावे, पण मी तशी वेळ येऊ देणार नाही. गोळ्या वेळेवर घेत आहे, कंपनी कोणतीही असो.

१०. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी मीराला बोलावले. ती येईल असे वाटले नव्हते. आली, आणि सर्व पाने दोनदा वाचली. कलम पाच तीनदा वाचले. भिंग मागितले, ते दिले.

ठिकाण: चारकोप, कांदिवली पश्चिम
दिनांक: २३ फेब्रुवारी २०२५

(सही) विमला दशरथ साटम

साक्षीदार पहिला: (सही) हर्षद, समोरचा ब्लॉक. कुलूप आजच मिळाले तर बरे.

साक्षीदार दुसरा: (सही) मीरा रतन साटम.
विमलावहिनींनी माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. मी सही केली म्हणजे माफ केले असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही, ते तपासून घेतले आहे. मे महिन्यात देवळात मी पहिल्या रांगेत उभी राहीन.