तू नसताना मुदत चालत नाही

चि. ठोक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद (रागाच्या भरातही ते मागे घेतलेले नाहीत). तुझी तब्येत ठणठणीत असेलच. बहिणीच्या डोक्यावर छत पाडून परदेशात जाऊन बसलेल्याला काय धाड भरणार! आई बरी आहे. माझ्या रक्तदाबाचं विचारू नकोस.

माझ्या शिवणाच्या दुकानातला मधला खांब ‘उगीच उभा आहे’ म्हणत तू काढलास, आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची खुर्ची पेशंटसकट माझ्या कापडाच्या ढिगावर उतरली, हे मी विसरलेले नाही. (पेशंटला खरचटलंसुद्धा नाही. उलट दुखरी दाढ आपोआप पडली म्हणून तो अजून तुझं नाव काढतो.) तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मी ‘तुला कोर्टात खेचते’ म्हणाले काय, आणि आठवड्यात तू विमानात बसलास काय! आणि आता आईकडून कळतंय, की तीन वर्षांत दावा लावला नाही तर मुदत संपते, म्हणून महाशय तिकडे दबा धरून बसलेत.

ती तीन वर्षं होत आली, म्हणून काल मी वकीलबाईंना गाठलं. म्हटलं, नेमकी तारीख कळली की तुला ‘सुटलास, ये आता’ असं कळवावं. तर त्या शांतपणे म्हणाल्या, प्रतिवादी (म्हणजे तू, फुशारून जाऊ नकोस) देशाबाहेर असेल तो काळ मुदतीत धरतच नाहीत. अरे गाढवा, तू गेलास तिथेच मुदत थांबली! तिकडे म्हातारा झालास तरी तुझा तो एक आठवडाच भरलेला. एवढी वर्षं पाण्यात गेली रे, मला तिथेच रडू फुटलं. बाई म्हणाल्या, मग दावा लावूच नका की. म्हटलं, मी कुठे लावतेय? पण त्याला पटायला हवं ना! आमच्या घरात ‘मारत नाही, ये’ म्हटल्यावर कोणी आलंय का कधी?

खांब पुन्हा उभा केलाय. दुकान सावरलं, पण घरात करमत नाही.

तुझी वादी,
ताई

ता. क. बाई म्हणाल्या, तू इथे पाऊल ठेवलंस की मुदत पुन्हा चालू होते. म्हणजे सुटायचं असेल तर उरलेली जवळजवळ तीन वर्षं तुला इथेच काढावी लागतील. मध्येच पळालास तर दावा लावीन, आईशप्पथ.

आणखी एक ता. क. नाही रे लावणार. पण मी लावीन असंच तू धरून चाल, आणि कपडे भरपूर घेऊन ये.