यायच्या कमरेचं पिस्तूल

९ नोव्हेंबर, रविवार

आज पिस्तूल खोललं. निवडणूक लागली, आचारसंहिता आहे, लायसनवाल्यायनं हत्यार ठाण्यात जमा करा म्हणून परवा कागद आला. जमा करायच्या आधी यायले साफ करून पाह्यजे म्हणे. म्हणे म्हंजे काय, जेवता जेवता कपाटाकडं बोट दाखवलं. लायसन यायचं, पट्टा यायचा, मिशा यायच्या, अन् चिंध्या घेऊन बसाले मी.

नळीत कापड फिरवलं. मॅगझिनमधून स्वेटरच्या लोकरीचा गोळा निघाला, शिलाई मशीनच्या बॉबीनखाली जमते तसाच. कमरेचा घाम, पंपावरची धूळ, सगळं त्यातच. रहीमचाचा म्हणतात, जिले मशीन समजते तिले हेबी समजते. माही मशीन तेच दुरुस्त करतात, अन् बंदुकीच्या दुरुस्तीचा परवानाबी त्यायच्यापाशी. शिकवाले खरं तर यायले बोलावलं होतं. हे दहा मिनिटांत उठून आपल्या पेट्रोल पंपावर गेले. मी मशीनचा पट्टा बदलाले गेल्ती, मी बसून राह्यली. अडीच वर्षं झाले, अजून बसूनच आहो.

यायले गोळ्या भरता येतात, चालवता येते. खोलून पुन्हा जोडा म्हटलं तर नाही येत. शिकाची गरज नाही म्हणतात, तू आहेस न.

१२ नोव्हें.

जमा झालं. घरी आल्यावर हे चार वेळा कमरेले हात लावून पाह्यले. पँट सैल झाली, पट्ट्याले नवं भोक पाडून दिलं. आधी हसू आलं, मंग वाईट वाटलं. तीन वर्षांआधी कारंजा रोडवर दोन मोटरसायकली आडव्या आल्या, पंपाच्या पैशाची बॅग नेली, यायच्या डोक्यात रॉड घातला. समोरच्या हॉटेलात दहा-बारा जण चहा पीत होते, एकबी उठला नाही. टाके गेले, पण त्यानंतर हा माणूस कोणाकडं पाठ करून बसला नाही. लायसन त्याच्यावरच भेटलं.

२३ नोव्हें.

घर हलकं झालं बापा. गादी उचलून झाडली बिनधास्त, उशीखाली काही नाही. आज यायनं माह्यासंगं बसून मेथी निवडली. अर्धी मुळं तशीच ठेवली, पण निवडली.

३० नोव्हें.

आमच्या प्राचीचं जमलं. केनवडचे पाहुणे, मुलगा साधा आहे, तिच्याच कॉलेजातला. लग्न ८ फेब्रु., इथंच मंगरुळात. पोरीचं तोंड पाहून माहा जीव भरून आला.

मंग विहीणबाईनं चहा पिता पिता विचारलं, तुमी पिस्तुलाचे बार उडवता म्हने, आमच्या गावात अजून सांगतात. दोन वर्षांआधी पुतण्याची वरात केनवडले गेल्ती तवा उडवले होते. हे असे फुलले का काही विचारू नका. म्हणाले, वरात दारात आली का पाच उडवतो. सगळे हसले. मी ट्रे घेऊन आत आली.

लग्नात बार उडवणं गुन्हा आहे, हे मले माहीत आहे अन् यायलेबी. हॉलसमोर शाळेची भिंत आहे, वरात पाहाले लेकरं तिच्यावर चढून बसतात. वरून तारा. शेजारच्या गच्चीवर बाया. मी म्हटलं तर म्हणतात, वर मारतो, वर कोन बसलं आहे? वर गेलेली गोळी खाली येत नाही काय?

२६ डिसें.

निवडणूक झाली, ठाण्यातून आणलं परत. आल्या आल्या कमरेले लावलं. पट्टा पुन्हा जुन्या भोकावर.

४ जाने., रविवार



सकाळी पंपामागच्या वावरात मले घेऊन गेले, चालवून पाहू म्हणे, लग्नाआधी. थंडी कडाक्याची. दोन बार झाले. तिसऱ्याले वरचा भाग अर्ध्यातच अडकला. यायनं झटकलं, तळव्यानं ठोकलं, मंग माह्याकडं वळले, "अवो, पाह्य बरं काय झालं." नळी सरळ माह्या पोटाकडं. बोट घोड्यावर होतं तसंच. मी म्हटलं, आधी तोंड खाली करा. पंपावरचा माणूस उभा होता, त्याच्यासमोर बोलली म्हणून राग आला यायले. माह्या पोटाचं काही नाही.

चाचा म्हातारे, तरी स्कूटरवर आले, त्यायनंच मोकळं केलं. मंग बोट लावून वास घेतला अन् माह्याकडं पाह्यलं. खोबरेल. ठाण्यातून आलं तवा कोरडं वाटलं म्हणून यायनं स्वतःच ओतलं, मले न विचारता. तेल म्हंजे तेल! घरात डोक्याच्या तेलाची बाटली थिजून दगड झाली आहे, रोज उन्हात ठेवतो मी.

६ जाने.

मशीनचं निमित्त करून चाचांकडं गेली. सगळं सांगितलं. साफच नाही केलं तर? असंबी विचारलं.

चाचायनं पेचकस खाली ठेवला. मंग म्हणाले, "बेटी, साफ पिस्तौल मालिक का सुनता. मैला किसी का नै सुनता."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. साफ ठेवलं तर प्राचीच्या लग्नात बार होतीन, माह्या हातच्या सफाईनं. नाही ठेवलं तर अडकन, अन् हे असेच वळतीन, तवा समोर मी असो का शाळेच्या भिंतीवरचं लेकरू. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच. अन् दोन्हीकडं लोटणारा हात माहाच.

मी निघता निघता चाचा म्हणाले, लायसनवर नाव त्यांचं आहे, तू हात लावते हेच चुकीचं. खरं आहे. पण मी नाही लावला तर काय होते ते वावरात पाह्यलं न.

११ जाने.

बोलली. नीट, न ओरडता. बार नका उडवू, पोरीची शपथ घालतो पाह्यजे तर. जेवत होते. म्हणाले, चारचौघात शब्द देला आहे. मी म्हटलं, शब्द परत घेता येते, गोळी नाही येत. ताट सरकवून उठले. वरण तसंच राह्यलं. रागानं मीच पिऊन टाकलं.

१९ जाने.

ठाण्याच्या फाटकापर्यंत गेली. सांगून टाकावं, पिस्तूल ठेवून घेतीन ते, सुटका होईन. फाटकावरच्या बाईनं विचारलं, काय काम आहे काकू? मी म्हटलं, पाण्याची टाकी कुठं आहे हो इथं. मंगरुळात चोवीस वर्षं राहून टाकी विचारते बाई! तिनं हात करून दाखवली, मी तिकडं गेली, तिथून बांगड्यांच्या दुकानात.

काय सांगणार होती? नवऱ्याले धरा, वीस दिवसांवर पोरीचं लग्न आहे? पाहुण्यायच्या कानावर गेलं तर लग्न राह्यते का? डझनभर हिरव्या घेतल्या, मापाच्या नव्हत्या.

२५ जाने.

प्राचीचा अकोल्याहून फोन. तिले आमच्या पुतण्यानं सांगितलं असंन, माह्यापाशी तर कोणी बोलत नाही. म्हणे, आई, तू त्या पिस्तुलाले हातच नको लावू. मी म्हटलं, मंग? म्हणे, मंग बाबा कोनालेबी देतीन साफ कराले. मी म्हटलं, तेच.  मंग ती ब्लाऊजच्या मापाचं बोलली.

१ फेब्रु.

पत्रिका वाटून आले, खूश होते. पिस्तूल काढून माह्यासमोर ठेवलं, मशीनवर, शालूच्या ब्लाऊजवरच. "त्या दिवशी फसलं नाही पाह्यजे. मले तुह्याच हाताचा भरवसा आहे."

चोवीस वर्षांत या माणसानं माह्या कोणत्या गोष्टीले चांगलं म्हटलं ते आठवून पाह्यलं. स्वैपाक नाही, शिवण नाही, सासूबाईचं दोन वर्षं केलं ते नाही. हेच एक. अन् लाज वाटते लिहाले, पण बरं वाटलं मले. क्षणभर बरं वाटलं. मंग इतका राग आला स्वतःचा का सुई बोटात गेली.

७ फेब्रु., दुपार

घर पाहुण्यायनं भरलं. हळद लागली पोरीले. मी आतल्या खोलीचं दार लावून बसली, सगळे समजले रडून राह्यली असंन. रडत नव्हती. खोललं. खोबरेलाचा अंश नाही ठेवला कुठं, खाचाखाचातून काडीनं काढलं. नळीतून खिडकी दिसे लखलख. बोटभर बाटलीतलं मशीनचं बारीक तेल, जितकं पाह्यजे तितकंच. इतकं साफ मी आजपर्यंत केलं नसंन.

मंग जोडाले घेतलं, अन् हात थांबला.

नाही जोडलं. सगळे भाग पांढऱ्या कपड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले. डबा ओटीच्या पिशवीत. हे विचारून गेले, झालं काय? मी म्हटलं, साफ आहे, उद्या हॉलवर देतो. गोळ्या यायच्यापाशीच आहेत.

८ फेब्रु., हॉल, आमच्याकडची खोली

अकरा वाजून गेले. कायले लिहून राह्यली माहीत नाही, हाताले काही तरी पाह्यजे.

डबा दिला. यायनं दार लावून उघडला. मी म्हटलं, बिलकुल साफ आहे, कुठं अडकणार नाही. जोडा अन् घ्या.

पहिले हसले. मंग म्हणाले, टाइम नाही, जोड. मी म्हटलं, नाही जोडत. लय बोलले, दात दाबून, बाहेर पाहुणे म्हणून. बोलू देलं. मंग स्वतः बसले. नळी उलटी घातली, काढली. स्प्रिंग दाबली, सुटली. मुंडावळ्या बांधलेली पोर बाजूच्या खोलीत, अन् बाप इथं गुडघ्यावर बसून पलंगाखाली स्प्रिंग पाहून राह्यला. मले वाटलं होतं मी जिंकल्यासारखं होईन. नाही झालं तसं.

उठले नाहीत. फरशीवरच बसले, पाठ भिंतीले लावून. म्हणाले, "शोभा, बार नाही उडवत. पन कमरेले पाह्यजे. पाचशे लोकात मी मोकळा नाही उभा राहू शकत."

नाव घेतलं. असे नाव घेत नाहीत हे. कपाळाले घाम, फेटा वाकडा. जवळ जाऊन सरळ करावा वाटलं. खोटं बोलून राह्यले का खरं, चोवीस वर्षांनंतरबी सांगता येत नाही मले. पण भीती खरी आहे. रॉडच्या दिवशी दवाखान्यात असेच दिसत होते.

मी स्प्रिंग उचलली, पदरानं पुसली. म्हटलं, "जोडून देतो. गोळ्या मले द्या."

 यायचा हात कोटाच्या खिशात गेला, गोळ्या तिथंच.

बँड चौकात आला आहे, खिडकीच्या काचा वाजून राह्यल्या. पुतण्या दार ठोकून गेला, मुलीच्या बापाले बोलवा म्हणे. सगळं जोडून झालं, शेवटची स्प्रिंग तेवढी माह्या मुठीत आहे. यायचा हात अजून खिशातच आहे.