पोफळीसारखं माझ्यात काय होतं?

आये,

आज तुझ्यावर मला राग आलाय, आणि तोही नातीच्या अभ्यासापायी. शाळेतल्या बाईंनी मुलांना घरच्या गाण्यातली अशी एक ओळ आणायला सांगितली, जिच्यात माणसाला दुसरंच काहीतरी म्हटलंय. “आजये, तुका येता?” तिने विचारलं आणि मी अशी हरखले की चुलीवरची पेज उतू गेली. करपल्याचा वास अजून घरात आहे. असो. मी तुझीच ओळ दिली. धारगळला आपल्या अंगणात माझा लग्नाचा चुडा भरत होते, दोन्हीकडच्या बायका गात होत्या, आणि तू मधेच सूर लावलास, लेक माझी पोफळ, देतंय तुमच्या अंगणात.

मी आणि पोफळ, ते सुपारीचं सरळसोट झाड! भाताच्या कणगीसारखी आडवी पोर! सासरकडच्या बायका हसून लोळल्या. पुढे डिचोलीत मी कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की जाऊ ओरडायची, “पोफळ आयली गो, दार सगळें उगडा!” मी चारचौघींत हसायचे आणि घरी येऊन तुझ्या नावाने बोटं मोडायचे. माहेरी आले की विचारीन म्हणायचे, विचारलं नाही, आणि तू गेलीस.

नात म्हणते, “हें रूपक. आतां साम्य सांग. पोफळ आनी तूं, सारकें कितें?” बघ, जन्मभर मला छळलेला प्रश्न बाईंनी गृहपाठाला दिलाय! गाणी रचणारी माणसं सरळ का गो बोलत नाहीत? ताकाला जाऊन भांडं लपवायचं. ‘माझी मुलगी चांगली आहे’ म्हणायला तुझं काय जात होतं?

रागारागाने मागच्या कुळागरात सुपारी वेचायला गेले. पोफळीच्या आधाराने मिरीची वेल चढलीय, रोजचीच. आज तिथेच बसून राहिले. बाबा गेल्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून विहिरीवर जायचीस. जड असायचा तो हात. हेच म्हणायचं होतं का तुला? की नुसती थट्टा? आता कुणाला विचारू?

परत आले तर नातीने लिहूनही टाकलेलं, ‘दोघीही उंच आणि सडपातळ.’ म्हणे, “तूं तरणी आसतना बारीक आसतली मगो?” वेलीचं अगदी ओठांवर आलं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, पिठाच्या डब्याखाली ठेवते. आणि आये, मी तिला “बरोबर” म्हटलं. सडपातळ म्हणालं गो कुणीतरी मला एकदाचं, खोडवेना.