विड्यापानी स्वेटर आणि बाकीची मिळकत

मी, मेबल व्हिन्सेंट तुस्कानो, वय सेहेचाळीस, मूळची वसईची, गेली एकोणीस वर्षे ग्वेल्फ, ओंटारिओ येथे राहणारी, हे मृत्युपत्र रविवार, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला घेत आहे. बुद्धी शाबूत आहे. दबाव कोणाचा नाही, उलट माझा नवरा व्हिन्सेंट म्हणतो, "पित्ताशयातले खडे काढायला चाललीस, चंद्रावर नाही." ऑपरेशन १८ तारखेला आहे आणि त्याच संध्याकाळी घरी सोडतील असे डॉक्टर म्हणतात. तरी लिहिते, कारण मी रोज डायरी लिहिणारी बाई आहे आणि माझे शेवटचे पान दुसऱ्या कोणी भरलेले मला चालणार नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा विमान फार हलले तेव्हा पेपर नॅपकिनवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या सापडल्यास रद्द समजाव्यात.

कलम २. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, ते व्हिन्सेंटचे. व्यवस्थापकही तोच. त्याला एकच विनंती: विंटर टायर्स वेळेवर बदलावेत. पहिला बर्फ पडल्यावर गॅरेजला फोन करणाऱ्या माणसाबरोबर मी एकोणीस हिवाळे काढले आहेत. माझी बचत मुलगी शेरिल हिला, शिक्षण पूर्ण करण्याच्या अटीवर. (पुन्हा वाचले. अट शेरिलसाठी आहे की माझ्या समाधानासाठी? अट काढली.)

कलम ३. साक्षीदार. वकीलबाईंनी बजावले आहे की सही करणारा साक्षीदार मृत्युपत्रातून काही घेऊ शकत नाही. पहिली साक्षीदार आमच्या बेसमेंटमध्ये राहणारी श्रावणी, नाशिकहून इथल्या कॉलेजात आलेली. ती म्हणाली, "मावशी, मग मला साक्षीदार नका करू. मला तुमचा कुकर हवाय." कुकर तिला आजच दिला, शिट्टीसकट. दुसरे साक्षीदार शेजारचे श्री. सूर्यकांत.

कलम ४. माझी सर्व लोकर, बांबूच्या सुया आणि लडी उलगडायची लाकडी फिरकी शेरिलला. सोबत या सूचना, कारण यातली बहुतेक लोकर हाताने रंगवलेली आहे. एकाच पातेल्यात, एकाच दिवशी रंगवलेल्या दोन लड्यासुद्धा सारख्या नसतात. कामाला लागेल तेवढी लोकर एकदम घ्यावी. सगळ्या लड्या दुपारी खिडकीपाशी मांडाव्यात. दिव्याच्या उजेडात सगळ्या लड्या जुळ्या बहिणी दिसतात. गडद कोणती, फिकी कोणती ते ओळखून दोन गुंडे एकत्र चालवावेत: दोन ओळी एकाच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या, पुन्हा पहिल्याच्या. दोरा कडेने सैल वर न्यावा, ओढू नये. असे केले की फरक कापडभर पांगतो. एक गुंडा संपवून मग दुसरा घेतला, तर जिथे संपला तिथे रेघ दिसते. ती धुऊन जात नाही.

कलम ५. ~~ग्लेन्डा फरगोज हिला मी काहीही ठेवत नाही. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, शेरिलची गॉडमदर, आणि आपल्या बेसमेंटमध्ये लोकर रंगवून विकते. शेरिलच्या दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, स्वेटरसाठी तिने मला 'विड्याचे पान' या हिरव्या रंगाच्या सहा लड्या दिल्या. त्यांतल्या तीन गडद आणि तीन फिक्या निघाल्या. स्वेटर छातीपर्यंत काळपट हिरवा आणि वर पोपटी झाला. व्हिन्सेंट म्हणाला, "पोर गावच्या तळ्यात, बावखलात उतरून उभी राहिल्यासारखी दिसते." चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या हातात केकच्या बश्या असताना, मी मोठ्याने म्हणाले की ग्लेन्डाने उरलीसुरली लोकर आमच्या गळ्यात मारली. तिने बशी खाली ठेवली आणि ती निघून गेली. सहा वर्षे आम्ही बोललेलो नाही. मिस्सामध्ये एकमेकांना शांती द्यायच्या वेळी ती उजवीकडे वळते, मी डावीकडे.~~

कलम ६. सोमवार, १० नोव्हेंबर. कलम ५ मध्ये लोकर घेतल्याची तारीख घालावी म्हणून २०१९ ची डायरी काढली. शनिवार, १२ जानेवारी. अक्षर माझेच: "ग्लेन्डाकडून सहा लड्या आणल्या. म्हणाली, एकामागून एक विणू नकोस, दोन-दोन ओळी आलटून पालटून घे. वीस वर्षे विणतेय मी. मला शिकवते."

तीन वेळा वाचले. मग कलम ४ वाचले. ज्या सूचना मी माझ्या म्हणून मुलीला वारशात देत होते, त्या ग्लेन्डाच्या आहेत.

ती ओळ मी खरोखर विसरले होते, की डायरीच्या त्या पानाकडे जाणे टाळत होते? दरवर्षी नाताळात मी जुन्या डायऱ्या वाचते. २०१९ ची वाचल्याचे आठवत नाही. याहून जास्त स्वतःच्या बाजूने लिहिता येत नाही.

शेरिलला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मॉम, आय ऑलवेज लाइक्ड द पॉन्ड. बट यू हॅव टु कॉल हर."

म्हणून कलम ५ खोडले आहे. त्याऐवजी: विड्यापानी स्वेटर, लाकडी फिरकी (कलम ४ मधून काढून) आणि २०१९ ची डायरी ग्लेन्डाला. डायरीतले ते पान व्हिन्सेंटने चर्चच्या त्याच हॉलमध्ये मोठ्याने वाचावे.

कलम ७. मंगळवार, ११ नोव्हेंबर. हॉलमधले वाचन रद्द. आपण मेल्यावर नवऱ्याकडून माफी मागवणे हा पळपुटेपणा आहे. सकाळी स्वतः फोन केला.

"मेबल बोलतेय."

तिच्या मागे रंगाचे पातेले उकळत होते.

"कोण गेलं?" तिने विचारले.

"कोणी नाही. मी मृत्युपत्र लिहितेय."

"म्हणजे तू चाललीस."

"पित्ताशयातले खडे आहेत."

"मग कशाला घाबरवतेस, बाई."

मी तिला ती ओळ वाचून दाखवली, शेवटच्या दोन शब्दांसकट. चूक माझी होती आणि ती मी भर हॉलमध्ये तुझ्यावर ढकलली, असे म्हणाले.

"मी सहा वर्षं मलाच विचारतेय, हिला सांगितलं होतं की नाही," ती म्हणाली. "तेव्हापासून प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधते. दोन-दोन ओळी. लोक हसतात. आता पुन्हा वाच. हळू."

पुन्हा वाचले. हळू.

कलम ८. बुधवार, १२ नोव्हेंबर. सूर्यकांत मुलाकडे एडमंटनला गेले आहेत, त्यांच्या जागी साक्षीला ग्लेन्डा आली. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे कलम ३ मध्ये मीच लिहिले आहे.

"मग खोड मला," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाची फिरकी घेऊन मी काय करू? आता दे."

त्याप्रमाणे ग्लेन्डाला कलम ६ मध्ये दिलेले सर्व रद्द. फिरकी आणि डायरी आज तिच्या हातात दिली. स्वेटर तिने खिडकीपाशी नेला, रेघेवरून बोट फिरवले, आणि म्हणाली, "रंग मात्र चांगला बसला होता." शेरिलला तो आता होत नाही, उसवायला तिची परवानगी आहे. चहा होईपर्यंत आम्ही गळ्यापासून उसवायला घेतला. मी ओढत होते, ती गुंडाळत होती.

कलम ९. कलम ४ मधल्या सूचना ग्लेन्डा फरगोज यांच्या आहेत. शेरिलने त्या तशाच पुढे सांगाव्यात, नावासकट.

वरील सर्व मजकूर आणि खाडाखोड माझी आहे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही करते.

मेबल व्हिन्सेंट तुस्कानो

साक्षीदार:
१. श्रावणी देवरे. (कुकर आधीच मिळाला आहे.)
२. ग्लेन्डा फरगोज. सगळे वाचले. मृत्युपत्रातून काही घेतलेले नाही. स्वेटर उसवून झाला. गडद गुंडा मी घरी नेत आहे, फिका मेबलकडे राहील. दोन ओळी माझ्या, दोन तिच्या. ऑपरेशननंतरच्या शनिवारी सुरुवात.

स्थळ: ग्वेल्फ, ओंटारिओ
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५