दोन रेघांची खोटी वही

मी, रायभान सखाराम गडदे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी रेल्वेत टर्नर व आता लहान मोटारींच्या इंजिनाचे सुटे भाग बनवणे, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, राजीखुशीने व नशापाणी न करता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नव्हतं असं पुढे कोणीतरी म्हणणारच, म्हणून डॉक्टरांचा तसा दाखला आणून दोन ठिकाणी ठेवला आहे. एक ठिकाण माझी पत्नी केवळाबाई हिला माहीत आहे. दुसरं कोणालाच माहीत नाही.

अक्षर मोठं आहे कारण नजर कमी झाली आहे. साखरेने गेलेली नजर परत येत नाही असं दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं. दोघे एकमेकांना मिळालेले असावेत. प्रत्येक पानावर वर आणि खाली माझी सही आहे. या कागदात मी कुठेही खोडणार नाही. मत बदललं तर खाली नवं लिहीन, वरचं तसंच राहील. खोडलेलं दिसलं की वारसांना वाटतं तिथे सोनं पुरलं होतं.

कलम १. पूर्णेतलं राहतं घर, दोन खोल्या व मागची पत्र्याची शेड, केवळाबाईच्या हयातीत तिच्याकडे राहील. तिच्यामागे ते मुलगा अमृत याला मिळावं. अमृत कापसाचा टेम्पो चालवतो आणि सेलूला जिनिंगवर जातो-येतो. त्याने घर विकायला काढलं तर आधी शेजाऱ्यांना विचारू नये. शेजाऱ्यांनी आमची भिंत वीतभर आत ढकलून बांधली आहे, तेही माझ्या नोकरीच्या वेळात. मी तेव्हाच मोजून ठेवलं आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते केवळाबाईचं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण हा कागद कोण कोण वाचणार आहे हे मला माहीत नाही.

कलम ३. पिंगळीला माझा धाकटा भाऊ बजरंग मेंढ्या राखतो. आमच्या घरात मेंढ्या सोडून दुसरं काही करणारा मी पहिलाच. मी रेल्वेत लागलो तेव्हा बजरंग चारचौघांत म्हणाला होता, "दादा आता लोखंड चारायला जायलाय." लोक लय हसले होते. त्याला माझी घोंगडी द्यावी. ती त्याच्याच मेंढ्यांच्या लोकरीची आहे आणि पहिल्या दिवसापासून टोचते.

कलम ४. आता मुख्य मुद्दा, म्हणजे शेडमधला लेथ, आम्हा टर्नर लोकांचं धातू कातायचं यंत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान मोटारी म्हणजे पोरांची खेळणी नव्हेत. खऱ्या मोटारीच्या बरहुकूम केलेल्या, हातभर लांबीच्या आणि तेल पिऊन धावणाऱ्या त्या गाड्या असतात. शौकीन माणसं त्या पाळतात. त्यांच्या इंजिनात करंगळीच्या पेराएवढा पिस्टन असतो आणि तो ज्या नळीत वरखाली होतो तिला लायनर म्हणतात. मोठ्या इंजिनाच्या पिस्टनवर रिंगा असतात, त्या चूक झाकतात. या लहान पिस्टनला रिंग नसते. तो कोरडा लायनरमध्ये सोडला तर वरच्या टोकाशी अडकला पाहिजे. सरळ खाली पडला तर भंगार. केसाच्या पाचव्या हिश्शाएवढी चूक झाली की इंजिन पेटत नाही. हे काम मराठवाड्यात मी एकटा करतो. दुसरा कोणी करत असेल तर तो माझं बघून करतो.

हा लेथ मी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतला. माझ्या मृत्यूनंतर तो कोणालाही देऊ नये, विकू नये, भाड्याने लावू नये. गॅसकटरने त्याचे चार तुकडे करून चार वेगळ्या भंगारवाल्यांना द्यावेत. कारण पुढीलप्रमाणे.

माझ्या शेडमध्ये कोणीतरी येतं. मी दुपारी जेवून दोन तास झोपतो, तेव्हा येतं. झोपेत उशाशी रेल्वेचं इंजिन धडाडलं तरी मला जाग येत नाही, हे येणाऱ्याला माहीत आहे. लेथच्या चकची, म्हणजे जबड्याची, चावी मी नेहमी दात डावीकडे करून ठेवतो, ती तीन वेळा उजवीकडे सापडली. स्टुलाची उंची दोन बोटं कमी झाली होती. गेल्या वर्षी मी प्रत्येक पिस्टनच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही असा, पंचने एक टिंब मारू लागलो. मग पुण्याचे दिनकरराव, जे माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांचा फोन आला. म्हणाले, "गडदे, वर्षभरातले तुमचे पिस्टन पहिल्यापेक्षा सरस आहेत." एकाहत्तराव्या वर्षी कोणी सरस होत नाही. मी काहीतरी निमित्त सांगून त्यांच्याकडून एक पिस्टन परत मागवला. त्याच्या आत टिंब नव्हतं.

म्हणजे मी केलेला माल वाटेत बदलला जातो. पाकिटं बांधून कुरियरला देण्याचं काम सून राजेश्री हिच्याकडे आहे. तिला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तिच्यामागे दुसरा माणूस आहे. तो सेलूचा चंद्रभान. हा गृहस्थ एका जिनिंगच्या वर्कशॉपात टर्नर होता. दोन वर्षं माझ्याकडे "नुसतं बघायला" म्हणून येत होता आणि जाताना मी घासलेला बोरिंग बार, म्हणजे आतून भोक कातायचं हत्यार, घेऊन गेला. अमृतचा टेम्पो सेलूला जातोच. माझे खरे पिस्टन सेलूला जातात आणि चंद्रभानचे माझ्या नावाने पुण्याला, हे शेंबडं पोरही सांगेल.

कलम ५. माझी मापांची वही चुलीत घालावी. ती कोणी आधीच उतरवून घेतली असेल तर त्याने खुशाल वापरावी. त्या वहीतलं एकही माप खरं नाही. माझा मायक्रोमीटर, म्हणजे केसाची जाडी मोजायचं हत्यार, मी मुद्दाम दोन रेघा पुढे बसवला आहे. त्याचं शून्य खोटं आहे. तो मी कमरेच्या पिशवीत ठेवतो आणि झोपतानाही काढत नाही. माझ्या मायक्रोमीटरवर माझी वही बरोबर येते. दुसऱ्या कोणत्याही मायक्रोमीटरवर त्याच मापाने पिस्टन केला तर तो दोन रेघा जाड होतो आणि लायनरमध्ये शिरतच नाही. ही हिकमत मी बावीस वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

कलम ६. सून राजेश्री हिला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये.

येथवर दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिलं.

यापुढचं आठ दिवसांनी लिहीत आहे. वर सांगितल्याप्रमाणे काही खोडलेलं नाही.

मधल्या दिवसांत असं झालं. कलम सहा लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केवळाबाईला सांगितलं की सून चोर आहे आणि तशी मी लेखी नोंद केली आहे. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "चोर काय नेतो?"

मी म्हणालो, "माल नेतो."

"अन् ठेवून काय जातो?"

मग तीच म्हणाली, "उलटी चोरी हाय ही. तुमचा पीस बाजूला काढायली अन् स्वतःचा करून धाडायली. दीड वर्ष झालं."

मी म्हणालो, तिला लेथ काय कळतो. केवळाबाईने माझ्याकडे असं बघितलं की तसं चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. "तिच्या बापानं सोयरिकीच्या बैठकीतच सांगितलं न्हवतं का, पोरगी आय.टी.आय. झालीय म्हणून?"

सांगितलं होतं. मी बैठकीत हजर होतो. मुलीची आय.टी.आय. म्हणजे शिवणकाम, असं मी धरून चाललो आणि लग्नात तिला शिलाई मशीन घेऊन दिलं. कोणत्या ट्रेडची, हे मी विचारलं नाही. सात वर्षं झाली. ती टर्नर आहे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चहा देणाऱ्यालाही चार प्रश्न विचारले, त्याने हा एक विचारला नाही.

पुढचं केवळाबाईनेच सांगितलं. दीड वर्षापूर्वी दिनकररावांचा एक फोन राजेश्रीने घेतला होता. दोन पिस्टन ढिले निघाले, गडद्यांच्या हाताला काय झालं, असं ते विचारत होते. तिने मला सांगितलं नाही. त्यांना म्हणाली, बदलून देते. मग दुपारी शेडमध्ये जाऊन वही उघडली आणि स्वतःचा आय.टी.आय.चा मायक्रोमीटर घेऊन वहीतल्या मापाने पिस्टन केला. तो लायनरमध्ये शिरला नाही. दुसरा केला, तिसरा केला, एकही शिरला नाही. केवळाबाई म्हणाली, "पोरगी मोरीत बसून रडली. म्हणली, आत्याबाई, मी शिकलेलं समदं इसरले."

चौथ्या दिवशी तिने कपाटातले माझे जुने, चांगल्या काळातले पिस्टन काढले आणि एकेक मोजला. प्रत्येक पिस्टन वहीपेक्षा दोन रेघा कमी. सगळे सारखेच कमी. तेव्हा ती सासूजवळ येऊन म्हणाली, "आत्याबाई, माझं चुकलं न्हाई. मामाची वही खोटी हाय." आणि म्हणे पदर तोंडाला लावून हसत सुटली. बावीस वर्षांचं गुपित तिने चार दुपारींत काढलं आणि त्याची कुठे वाच्यता केली नाही.

मी विचारलं, "तू मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी लेथला हात लावला असता का? लेथपासून उठलात की तुमी खाटेवर पडणार. तिलाबी ठाव हाय ते. म्हणून दोघी गप ऱ्हायलो."

माझा विश्वास बसला नाही. बायको सुनेला सामील आहे, हा पहिला विचार आला. म्हणून घरात कोणी नसताना शेडमध्ये गेलो. माझ्या बोटांच्या टोकांना हल्ली नीट कळत नाही, पण अंगठ्याने पिस्टन दाबून बघण्याची सवय जुनी, त्यामुळे लायनरमध्ये सोडून बघणं मी कधीच बंद केलं होतं. त्या दिवशी सोडून बघितला. आदल्या आठवड्यात केलेला माझा पिस्टन लायनरमध्ये सोडला. तो सरळ खालच्या पत्र्यावर पडला. पाच सोडले, पाचही पडले. मग पुण्याहून परत आलेला, टिंब नसलेला, सोडला. तो वरच्या टोकाशी अडकला आणि लायनर हलवला तरी हलला नाही.

माझे बाजूला काढलेले पीस कुठे आहेत हे केवळाबाईने मला दाखवलं. बाजरीच्या जुन्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेले, तेल लावलेले. सुरुवातीचे काही सोडले तर प्रत्येकाच्या आत टिंब आहे. मोजले, एकसष्ट भरले. भंगारात एकही टाकवला नाही म्हणे राजेश्रीच्याने. मला लाज वाटली. एवढी लाज मला यापूर्वी कधी वाटली नव्हती, हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे.

सबब नवीन कलमं.

कलम ७. कलम चार, पाच व सहा रद्द समजावीत. लेथ, त्याची सगळी टूल्स, पत्र्याची शेड, वही व माझा मायक्रोमीटर हे सर्व सून राजेश्री अमृत गडदे हिचं एकटीचं. अमृतचा त्यावर हक्क नाही. घराच्या वाटणीत शेड धरू नये. "बाईमाणसाला लेथ कशाला" असं जो कोणी म्हणेल त्याला लायनर देऊन पिस्टन करायला सांगावं.

कलम ८. माल बदलल्याचा चंद्रभानवर केलेला आरोप मी मागे घेतो. बोरिंग बारचा घेत नाही.

कलम ९. हा कागद माझ्या मृत्यूपर्यंत राजेश्रीला वाचायला मिळू नये. मला कळलं आहे हे मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. केवळाबाईलाही तशी शपथ घातली आहे. तिला कळलं की मला कळलं, तर ती संकोचाने शेडमध्ये यायची थांबेल, आणि मी बसून राहीन, आणि दिनकररावांच्या गाड्या उभ्या राहतील. म्हणून उद्यापासून मी सकाळी पिस्टन करीन, टिंब मारीन आणि दुपारी जेवून दोन तास झोपेन. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडेन. आयुष्यभर मी सगळ्यांवर शक घेतला, सख्ख्या भावावरही. राजेश्री, तू मला फसवतेस हे माहीत असून मी तुझ्यावर विश्वास ठेवतो. असा माणूस मला दुसरा भेटला नाही.

कलम १०. पाकिटांवर मारायचा रबरी शिक्का लेथशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. त्यावर "रा. गडदे, टर्नर, पूर्णा" एवढंच आहे. तो बदलू नये. रायभानचा "रा" तोच राजेश्रीचा आहे, आणि शिक्क्यातला एकही शब्द खोटा नाही. दीड वर्षापासून तो तिचाच आहे.

लिहून ठेवणार: रायभान सखाराम गडदे (सही)

साक्षीदार
१. परमेश्वर, निवृत्त रेल्वे फिटर, रा. पिंगळी (सही)
२. पंडित, निवृत्त शिक्षक, रा. पूर्णा (सही)

आम्ही दोघांनी रायभानरावांना आमच्यासमोर सही करताना पाहिलं व त्यांच्यासमोर सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही. तो वर्तमानपत्राने झाकलेला होता.

ठिकाण: पूर्णा, जि. परभणी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५