ह्यांची डीबगरची वही

१० फेब्रु., मंगळ.
नाय गं बाय, मी कशाला हात लावू तुझ्या बाबांच्या वहीला? रद्दीत गेली असंल. असं मनूला सांगितलं, सरळ तोंडानं. खोटं बोलायला मी शाळेत पन हुशार होते. वही माझ्या ट्रंकेत हाय, लुगड्यांखाली.

हे गेले त्याला आठ महिने. आफिसात ह्यांचं काम आता लेकीकडंच आलंय. डीबगर. दुसऱ्याच्या प्रोग्राममदली चूक कुठं हाय ते दाखवनारं सॉफ्टवेअर. ह्यांनी त्यात जागोजागी लिहून ठेवलंय, प्रोग्राम लिहायची ही लँग्वेज असंल तर असं दाखव, ती असंल तर तसं. मनू आता एकेकीचं उचलून वेगळ्या फाइलीत नेते.
"म्हंजे सुनांना वेगळ्या चुली," मी म्हटलं.
"आई, हे मी मिटिंगमध्ये सांगणार."
हसली. किती दिसांनी.

११, बुध.
मनू एका जुन्या लँग्वेजपाशी अडलीय. ती एकापासून मोजते, बाकीच्या शून्यापासून. मी म्हटलं, शून्यापासून कोन मोजतं? तू माझं शून्यावं पोर का?
आज नाय हसली.
ह्यांनी कुठं एक वजा केलाय, कुठं नाय. का, ते वहीत. शुक्रवारच्या मिटिंगपर्यंत नाय जमलं तर आफिसवाले ती लँग्वेज काढूनच टाकनार. ह्यांची बारा वर्सं तिच्यातच गेली.
पोरगी धड जेवली नाय.

१२, गुरु.
भर उन्हात तुळिंजला गेली, रद्दीवाल्याकडचे गठ्ठे उपसून आली. हात काळे. मी वाल सोलत बसलेली.
"आई, बाबांचं अक्षर कुठंच नाही गं."
न्हानीत जाऊन नळ सोडला तिनं. बराच वेळ चालू. एरवी पान्यासाठी बोंब मारनारी मी, आज वालच सोलत राहिले.

१३, शुक्र. सकाळ.
मिटिंग अकराला. आतल्या खोलीत मनूचं खटखट चाललंय. वही मांडीवर घेतलीय.

कोनी म्हनंल, आठवन म्हनून ठेवली. तसं नाय. हास्पिटलातून आनल्यावर हे रोज थोडं थोडं लिहायचे. पाठीला उशी मी लावायचे, पेन बोटांत मी धरवायचे. मनूसाठी लिहिलंय, कुठली ओळ काढू नको ते. आफिसातल्यांसाठी लिहिलंय. पुढं कधी कोन परका मानूस हे काम हातात घेईल, त्याच्यासाठी पन अर्धं पान हाय.

माझ्यासाठी एक अक्षर नाय. तीनदा शोधलं.
रागानं लपवली मी.