आबांच्या गाडीची खबर

लंडन,
१० ऑगस्ट २००३

केरूदादा,

तुला आणि वहिनीला जयभीम. आईच्या पायांवर डोकं.

मी सुखरूप पोचलो. विमानात कान दुखले, बाकी काही नाही. इथं सध्या असं ऊन पडलंय की गोरे लोक उघडेबंब होऊन बागेत लोळतात आणि टीव्हीवर दिवसभर त्याचीच बातमी. एकेकाला मे महिन्यात टोकावड्याला आणून बसवलं पाहिजे. तुमची लावणी आटोपली असेल. वरच्या खाचरात पाणी ठरलं का? आईचा गुडघा कसा आहे?

बोटीनं आधी पाठवलेली आपल्या आबांची गाडी उत्तम आहे. आमच्या शेठनं तिला हिरवा रंग लावून घेतलाय, पितळ घासून लखलखीत केलंय. आबांनी बघितली असती तर ओळखली नसती.

आज इथं जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. शेठ मागे टोपी घालून, मी पुढे. दुसरा गिअर हातानं दाबून धरावा लागतो हे शेठला काही जमत नाही, म्हणून तर मला आणलं. नाही तर फार्महाऊसवरच्या ड्रायव्हरला लंडन कोण दाखवतंय! लाल दुमजली बसा, काळ्या टॅक्स्या, सायकलवाले, मध्येच फोटो काढायला थांबणारे लोक. मुरबाडच्या बाजारातून गाडी काढणाऱ्याला त्याचं भय नाही. पण इथं कुणी हॉर्नच वाजवत नाही, नुसते तोंडाकडे बघत थांबतात. त्याचाच मला घाम फुटला.

राणीच्या राजवाड्यासमोरून गेलो, दादा. पोलिसानं हात करून वाट दिली. तेव्हा आबा आठवले. ठेकेदारानं जीप घेतली आणि ही जुनी गाडी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे आबांना देऊन टाकली, ते साल एकसष्ट. आपल्या वाडीतला नवरा घोड्यावर बसून गावातून गेलेला तेव्हा चालत नसे. आबांनी लखमाकाकाच्या वरातीला त्याला आणि काकीला गाडीत बसवलं आणि भर गल्लीतून काढलं. ओट्यावरून कुणी तरी ओरडलं, "ए, उतरव त्यांना!" आबा म्हणाले, "उतरवतो, पन ही एकदा बंद पडली का परत चालू नाय व्हत. मग तुमालाच ढकलाया लागंल." आपण बसलेल्या गाडीला हात लावायला त्यांच्यातलं कोण येतंय! तेव्हापासून वाडीतली प्रत्येक वरात त्याच गाडीतून गेली. तुझीसुद्धा.

तर, नदीवरच्या पुलावर गाडी बंद पडली. उन्हात रखडून तापली होती. मागे बसांची रांग, शेठ लालबुंद. मी बॉनेट उघडलं, शेठच्या प्यायच्या पाण्यात माझा टुवाल भिजवला आणि पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला. आबा सांगायचे ना, "तापलेल्याला पानी द्यायचं रे, शिव्या नाय." पाच मिनिटांत सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गोऱ्या म्हाताऱ्यानं शेठला विचारलं, हा कुठं शिकला? शेठ म्हणाला, माझ्या गॅरेजात. एवढं इंग्रजी मला कळतं. मी बॉनेट लावून टाकलं.

तो म्हातारा उगाच चौकशी करत नव्हता. चार ओळींसाठी दोन पानं फिरवली, आता लिहितो. गाडी परत येणार नाही. शेठनं ती त्याला विकली. संध्याकाळी चावी मीच त्याच्या हातात दिली आणि दुसरा गिअर कसा दाबून धरायचा ते त्याचा हात धरून शिकवलं.

फेब्रुवारीत मी गाडी मिरवणुकीला न्यायचे म्हणून कागद घेऊन आलो तेव्हा तू विचारलंस, "धम्म्या, गाडी परत येल ना रे?" मी म्हणालो, "येल, दादा. नाय तर तुला तोंड कसं दाखवू?" तू न वाचता सही केलीस. ते कागद गाडी शेठच्या नावावर करायचे होते. मला माहीत होतं. शेठ म्हणाला होता, भावाची सही आण, तुला लंडनला नेतो.

मला यायचं होतं. बास, एवढंच. अडचण नव्हती, कुणाचा धाक नव्हता, मी प्यायलेलो नव्हतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या, एकदा विमानात बसावंसं वाटलं. माझी मला शिसारी येते, आणि तरी राजवाड्यासमोर मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

नोव्हेंबरात, भात झोडून झाल्यावर, पौर्णिमाचं लग्न. नवऱ्याकडच्यांनी फुलांची सुमो देऊ केली तर तुझ्या या लेकीनं सुनावलं, "मी आबांच्याच गाडीतून जाणार." तिला हे पत्र वाचायला देऊ नकोस. नाही, दे. काका कसा आहे ते तिला कळू दे.

गावात विचारतील, गाडी कुठं गेली? बिघडली म्हणून सांगू नकोस. भावानं घालवली, असं सरळ सांग.

लग्नाचं बोलावणं मला नाही आलं तर तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. आलं, तर मांडवात येणार नाही. पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला कुणी तरी लागेलच.

धम्मपाल, ड्रायव्हर